उतारवयात जोडीनं परदेशी सेवेला जाताना: आधी शरीर, मग कागद, मग घर आणि तिकीट शेवटी

दर दोन-चार महिन्यांनी एखादं जोडपं आमच्या पडवीत येऊन बसतं. दोघं निवृत्त, मुलं मार्गी लागलेली, आणि चर्चच्या सेवेसाठी दीड-दोन वर्षं परदेशी जायचं ठरलेलं. त्यांना विचारायचं असतं ते तिथल्या हवेबद्दल आणि जेवणाबद्दल. बहुतेकांनी तिकीट मात्र आधीच काढलेलं असतं. आमचीही हीच चूक झाली होती, आणि ती निस्तरताना जे शिकलो ते इथे क्रमानं लिहिते आहे.

आम्ही दोघं वेंगुर्ला तालुक्यातले. मी जिल्हा परिषदेत हिशेबाचं काम केलं, हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. केनियात नाकुरू शहराबाहेरच्या एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या वस्तीत, आम्ही १८ महिने राहिलो. मी कार्यालयाचे हिशेब बघत होते आणि शिवणवर्ग घेत होते, यांच्याकडे शाळेची नळजोडणी आणि डागडुजी होती. देश बदलला की काही नियम बदलतील, म्हणून केनियाचे तपशील उदाहरणादाखल घ्या. क्रम मात्र कुठेही जायचं असलं तरी हाच ठेवा.

## टप्पा १: निघायचा महिना ठरवा

१८ महिन्यांची सेवा असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघा. नोव्हेंबरात निघालात तर पुढचं सबंध वर्ष संपवून त्याच्या पुढच्या वर्षी मे महिन्यात परत येता. घराला एकच पावसाळा तुमच्याविना काढावा लागतो. मे महिन्यात निघालात तर तेवढ्याच १८ महिन्यांत दोन पावसाळे जातात. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कौलारू घरासाठी एक आणि दोन पावसाळ्यांतला फरक फार मोठा आहे.

दुसरं कारण पेन्शनचं. सरकारी पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, म्हणजे तो देऊनच निघता येतं.

तयारीला किमान दहा महिने धरा. नोव्हेंबरात निघायचं तर आधीच्या जानेवारीत सुरुवात. शेवटचा पावसाळा घरातच काढा आणि कुठे गळतं, कुठली भिंत ओल धरते, पन्हळ कुठे तुंबते, हे वहीत लिहून ठेवा. ही वही टप्पा ५ मध्ये लागणार आहे.

तपासा: यजमान चर्च तारखेचा आग्रह धरत असेल तर महिना बदलून मागा. उतारवयातल्या जोडप्यासाठी बहुतेक ठिकाणी समजून घेतात. आम्ही मागितलाच नाही, कारण मागायला संकोच वाटला.

## टप्पा २: शरीर

जानेवारी ते मार्च हा वेळ फक्त डॉक्टरांसाठी ठेवा. कागदाला हात लावू नका. एखाद्या तपासणीत काही निघालं तर सगळा बेत बदलतो, आणि तोवर शुल्क भरलेलं असेल तर माणूस दुखणं लपवायला लागतो. मी हे जवळून पाहिलं आहे.

दोघांनीही हे करून घ्या: रक्तदाब, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, हृदयाची तपासणी, मूत्रपिंडाच्या तपासण्या, पुरुषांनी प्रोस्टेट, बायकांनी स्तन आणि गर्भाशय. मग दात. किडका दात, हलणारी कवळी, अर्धवट राहिलेलं रूट कॅनाल, जे असेल ते इथेच संपवा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होण्यासारखी असेल तर निघण्याआधी निदान तीन-चार महिने उरकून घ्या. चष्मे प्रत्येकी दोन.

आता लशी. पूर्व आफ्रिकेत जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाच्या लशीकडे विशेष लक्ष द्या. लोकांना वाटतं हे प्रमाणपत्र तिकडे शिरताना लागतं. खरी अडचण परतताना येते. केनियासारख्या पीतज्वराच्या देशातून भारतात येताना वैध प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवतात, आणि ते सहा दिवसांपर्यंत असू शकतं. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत अशी केंद्रं आहेत. गावातल्या दवाखान्यात घेतलेली चालत नाही.

सावधान: ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीच्या पुढे तिचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय केंद्रावर जाऊ नका. डॉक्टर नको म्हणाले तर सूटपत्र लागेल, आणि मग त्या देशात जायचंच का, हा प्रश्न दोघांनी मिळून पुन्हा विचारायचा.

नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावानं लिहून घ्या, कंपनीच्या नावानं नको. इथलं कंपनीचं नाव तिकडच्या दुकानदाराला ठाऊक नसतं. मूळ नाव सांगितलं की गोळी मिळते, आणि केनियात तर ती बरेचदा भारतातच बनलेली निघते.

## टप्पा ३: यजमानांचं पत्र आणि परवानगी

शरीर धड आहे हे कळल्यावर मार्चअखेर पत्रव्यवहार सुरू करा. तोंडी बोलावण्यावर जाऊ नका. यजमान धर्मग्रामाकडून किंवा संस्थेकडून लेखी पत्र मागा आणि त्यात पुढल्या गोष्टी आहेत का बघा: काम नेमकं काय, आठवड्याला किती तास, घर कुठे आणि त्याचं भाडं कोण देणार, सुट्टीचा दिवस कुठला, आजारी पडलो तर कुठल्या रुग्णालयात आणि खर्च कोणाचा, मुदतीआधी परत यावं लागलं तर तिकीट कोण काढणार. बऱ्याच चर्चमध्ये जोडप्यानं आपला खर्च आपणच करायचा असतो. त्यात गैर काही नाही, पण ते आधी कळायला हवं.

हे सगळं विचारताना आपल्याकडच्या माणसाला अवघडल्यासारखं होतं. देवाच्या कामात हिशेब कसला, असं वाटतं. मी आयुष्यभर हिशेब लिहिले आहेत, म्हणून सांगते: आधी न विचारलेला प्रश्न सहा महिन्यांनी मनात कडवटपणा होऊन बसतो. विचारा.

मग परवानगी. पर्यटकाच्या परवान्यावर जाऊन सेवा करणं बेकायदा आहे. केनियानं जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन पूर्वपरवानगी, आणलं, पण ते भेटीपुरतं. धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी तिथे क्लास आय नावाचा परवाना असतो आणि त्याचा अर्ज तिकडच्या संस्थेमार्फत होतो. त्याला महिने लागतात. तिथे ९० दिवसांहून जास्त राहायचं तर परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करून ओळखपत्रही घ्यावं लागतं.

इथून लागणारे कागद: पासपोर्ट (मुदत परतीच्या तारखेनंतरही सहा महिने उरली पाहिजे), पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस ना-हरकत दाखला, शिक्षणाची आणि नोकरीची प्रमाणपत्रं, लग्नाचा दाखला, आपल्या धर्मगुरूंचं शिफारसपत्र.

सगळ्यांत जास्त अडकतं ते नावात. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत एकाच माणसाचं आडनाव बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक, आधारवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं असतं. डिसोझा, डिसुझा, डिसूजा. बायकांचं तर माहेरचं नाव, सासरचं नाव आणि मधे कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं. माझ्या तीन कागदांवर तीन नावं होती. ती दुरुस्त करण्यात अडीच महिने गेले आणि आधी काढलेलं तिकीट वाया गेलं. म्हणून या टप्प्याच्या पहिल्याच दिवशी दोघांचे सगळे कागद टेबलावर मांडा, पासपोर्टवरचं इंग्रजी स्पेलिंग प्रमाण धरा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवून घ्या.

## टप्पा ४: पैसे, पेन्शन, अधिकार

सरकारी पेन्शन असेल तर निघण्याआधी नोव्हेंबरचा दाखला द्या. पुढचा नोव्हेंबर परदेशात येणार. तेव्हा जीवनप्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, मोबाइलवरून होतं का, हे इथे असतानाच एकदा स्वतः करून बघा. नाही जमलं तर भारतीय उच्चायुक्तालयात हयातीचा दाखला साक्षांकित करून बँकेला पाठवता येतो. केनियात उच्चायुक्तालय नैरोबीला आहे, मोम्बासाला साहाय्यक उच्चायुक्तालय आहे. ईपीएफची पेन्शन असेल तर नियम वेगळा: दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून एक वर्ष चालतो. यांचा दाखला जूनमध्ये संपत होता आणि आमच्या ते ध्यानात आलं नाही. दोन महिने पेन्शन थांबली. दोघांच्या दाखल्यांच्या तारखा वेगवेगळ्या असतील तर घरातल्या दिनदर्शिकेवर आणि मुलाच्या मोबाइलवर, दोन्हीकडे लिहून ठेवा.

बँकेत जाऊन लेखी कळवा की आपण अमुक काळ परदेशात असणार, आणि खात्याचा प्रकार बदलावा लागतो का हे तिथेच विचारा. ओटीपी येणारा मोबाइल नंबर परदेशात चालू राहील अशी सोय करा. यात चूक झाली तर स्वतःचेच पैसे काढता येत नाहीत.

अधिकारपत्र करून द्यायचं तर सर्वाधिकाराचं देऊ नका, मुलगा कितीही गुणी असो. वीजबिल, घरपट्टी, बागेचा करार, बँकेतलं अमुक एक काम, अशी कामं मोजून लिहा. मृत्युपत्र करून ठेवा आणि बँक खात्यांची वारसनोंद तपासा.

आणि एक बोलणं दोघांनी दार लावून करायचं. आपल्यापैकी कुणी तिकडेच गेलं तर माती तिथेच द्यायची की इथे आणायचं? आणायचं तर उच्चायुक्तालयाचे कागद, विमान कंपनी, खर्च हे सगळं मागे राहिलेल्या एकट्या माणसावर पडतं. आम्ही ठरवलं होतं: जिथे जीव जाईल तिथे. ते मुलांना लेखी दिलं. ती संध्याकाळ जड गेली, पण त्यानंतर मला झोप नीट लागू लागली.

भारतातला आरोग्यविमा बंद करू नका. तो सहसा परदेशात चालत नाही, पण खंड पडला तर परतल्यावर जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा पुन्हा सुरू होऊ शकते. परदेशासाठी वेगळा विमा घ्या, त्यात आधीपासूनचे आजार धरलेत का हे ओळ न् ओळ वाचा, आणि गंभीर आजारात हलवण्याचा खर्च आहे का बघा.

## टप्पा ५: घर

शेजारी प्रेमानं म्हणतात, "घर माज्या नदरेत आसा, तुमी जावा." ते मनापासून म्हणतात. पण काय बघायचं हे तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना बिचाऱ्यांना कसं कळणार? आमच्या शेजाऱ्यांनी रोज कुलूप पाहिलं. कुलूप शाबूत होतं. आत मागच्या खोलीत एक कौल सरकलं होतं आणि पावसाळाभर पाणी वाशावरून भिंतीत उतरत होतं.

क्रम असा ठेवा.

१. एप्रिल-मे महिन्यांत शाकारणी करून घ्या, म्हणजे शेवटच्या पावसाळ्यात ती तुमच्या डोळ्यांसमोर पारखली जाईल. पाऊस संपल्यावर वहीत लिहिलेल्या जागा पुन्हा दुरुस्त करा.

२. घरावर झुकणाऱ्या माडांचे तयार नारळ आणि सुकी चुडतं ऑक्टोबरात काढून घ्या. त्यानंतर दर दीड-दोन महिन्यांनी पाडप कोण करणार आणि नारळ कोणाचे, हे ठरवा. नारळ राखणाऱ्याचे ठेवलेत तर काम वेळेवर होतं.

३. आंब्याची किंवा काजूची बाग असेल तर करार कागदावर करा. मोहर येतो तेव्हा तुम्ही विमानात असाल. फवारणी कोणाची, राखण कोणाची, पैसे कधी, ई-पीक पाहणी कोण करणार, हे त्यात हवं.

४. लाकूड आणि वाळवी. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. गाद्या दोन दिवस उन्हात तापवून पलंगावर उभ्या करा. कपडे डांबरगोळ्या घालून पत्र्याच्या पेटीत. महत्त्वाचे कागद घरात ठेवूच नका.

५. फ्रीज रिकामा करून, पुसून, दार उघडं ठेवा. गॅसचा रेग्युलेटर काढा. विहिरीवर जाळी. पडवीला मे महिन्यात झापं लावायचं काम कुणाला तरी आगाऊ पैसे देऊन सांगा.

६. मेन स्विच बंद केला तरी महावितरणचं बिल येत राहतं. ते कोण भरणार ते ठरवा.

राखणाऱ्याच्या हातात एक पानाची यादी द्या: पहिल्या मोठ्या पावसानंतर आत शिरून प्रत्येक खोलीचं आढं बघणे, महिन्यातून एकदा वाशांवर वाळवीची मातीची रेघ आहे का बघणे, उघडीप मिळाली की खिडक्या उघडणे, आठवड्यातून एकदा चूल पेटवून धूर करणे. धुरानं ओल आणि कीड दोन्ही दूर राहतात, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. दर महिन्याला ठरावीक रक्कम द्या आणि खोल्यांचे फोटो मागा.

तपासा: निघण्याआधी आठ दिवस मुलाकडे किंवा बहिणीकडे जाऊन राहा आणि राखणाऱ्याला घर सांभाळू द्या. काय विसरलं ते त्या आठ दिवसांत कळतं.

## टप्पा ६: तिकीट आणि सामान

परवाना मंजूर झाल्याचं पत्र हातात आलं की विमानाचं तिकीट. त्याआधी नाही. कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. मुंबईला विमानाच्या आदल्या दिवशी पोहोचा, त्याच दिवशी नको.

सामानात आपण चुकतो ते दोन बाबतींत. पहिली थंडी. आफ्रिका म्हटल्यावर आपण सुती कपडे भरतो. नाकुरू समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरहून उंच आहे आणि जून ते ऑगस्टमध्ये तिथल्या पहाटे कुडकुडवतात. आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसांकडे धड स्वेटर नसतो. प्रत्येकी दोन घ्या, पायमोजे घ्या. दुसरी चूक पिशव्यांची. लोणचं पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, अशी आपली भरण्याची रीत. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगना बंदी आहे. कापडी पिशव्या आणि घट्ट झाकणाचे डबे वापरा.

खाण्याचं फार नेऊ नका. आमसुलं, मालवणी मसाला, थोडं तिरफळ, हिंग, एवढं पुरे, तेही बंद पाकिटात. रोपं, बिया, ताजी फळं अजिबात नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानात ठेवू नका. तेलकट असल्यानं त्या पेट घेऊ शकतात आणि विमानतळावर काढायला लावतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. तीन महिन्यांची औषधं आणि चिठ्ठ्याही हातातल्याच बॅगेत, दोघांच्या बॅगांत निम्मी-निम्मी.

प्रेशर कुकर, त्याच्या जादा रिंगा आणि शिट्टी घ्याच. उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. विजेचा दाब आपल्यासारखाच आहे, मिक्सर चालतो, पण तिथले प्लग ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी तीन पिनांचे असतात. दोन ॲडॉप्टर घ्या.

## टप्पा ७: पहिले तीस दिवस

पहिला महिना अर्धा दिवसच काम करा. हे यजमानांना आधीच सांगून ठेवा. पोचल्यावर अंगात उत्साह असतो, सगळे कौतुकानं बघत असतात, आणि माणूस पहिल्याच आठवड्यात सकाळी सात ते रात्री आठ राबतो. तिसऱ्या आठवड्यात हे तापानं झोपले आणि बरे होईपर्यंत बारा दिवस गेले.

या महिन्यात चार गोष्टी करा.

पाणी. ते कुठून येतं, हे पहिल्याच दिवशी विचारा. नाकुरूच्या भागात जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. पाणी उकळून ते जात नाही, उलट वाफ झाली की आणखी दाट होतं. पावसाचं साठवलेलं पाणी किंवा फ्लोराइड काढणारी गाळणी असेल तेच प्या, आणि तेही जंतूंसाठी उकळून.

रुग्णालय. बरे असतानाच जाऊन बघून या. रस्ता, वेळ, रात्री कोण असतं, पैसे कसे घेतात.

पैसे. केनियात भाजीवालीपासून शाळेच्या फीपर्यंत एम-पेसावर चालतं, म्हणजे मोबाइलवरचे पैसे. दोघांनीही शिका. एकालाच येत असेल तर दुसरा घरात अडकून पडतो.

भाषा. रोज अर्धा तास. मराठी माणसाला स्वाहिली वाटते तितकी परकी नाही: साबणाला साबुनी, दुकानाला दुका, हिशेबाला हेसाबू, गाडीला गारी, विम्याला बीमा, खबरीला हबारी. आधी नमस्कार आणि विचारपूस, मगच काम, हा तिथला शिष्टाचार आहे. सरळ कामाचं बोलणं उद्धटपणाचं दिसतं.

सावधान: घड्याळ. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे "सा मोजा", एक वाजला. "सा ताटू", म्हणजे तीन, हे आपले सकाळचे नऊ. बायकांच्या पहिल्या सभेला मी दुपारी तीनला गेले, तर त्या सकाळी नऊला माझी वाट बघून गेलेल्या. स्वाहिलीत वेळ सांगितली तर सहा तासांचा फरक धरा आणि सकाळ की दुपार हे विचारून घ्या.

## टप्पा ८: रोजचा दिवस

दुसऱ्या महिन्यापासून एक वेळापत्रक धरा आणि ते भिंतीवर लावा. आमचं असं होतं: साडेपाचला उठणं, चहा, प्रार्थना, साडेसहाला मिस्सा. आठला न्याहारी. नऊ ते साडेबारा काम. जेवण, मग दोनपर्यंत आडवं होणं, त्याला सुट्टी नाही. दोन ते चार काम किंवा घरभेटी. साडेपाचला इकडे फोन, कारण केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे आणि तेव्हा इथे रात्रीचे आठ वाजलेले असतात. विषुववृत्ताजवळ बारा महिने साडेसहाच्या सुमारास अंधारतं. त्याआधी घरात. मग तेर्स (जपमाळेची प्रार्थना), जेवण, नऊला झोप.

रविवार हा सेवेतल्या माणसाचा सर्वांत दमवणारा दिवस. म्हणून सुट्टी सोमवारी घ्या, आणि सुट्टी म्हणजे सुट्टी. कपडे, बाजार, पत्रं, एखादा फेरफटका. सोमवारी कुणी कामाला बोलावलं तर मंगळवारचा शब्द द्या. पहिल्या चार सोमवारी तुम्ही हो म्हणालात, तर पुढे सोमवार तुमचा राहत नाही.

आता नवरा-बायकोचं. याबद्दल कुणी बोलत नाही, आणि जोडपी मुदतीआधी परततात ती बहुधा यामुळेच. चाळीस वर्षांच्या संसारात आपण दिवसाचे दहा तास वेगळे असतो. तिथे चोवीस तास एकत्र, एकच खोली, तीच माणसं, आणि बोलायला आपल्या भाषेतलं दुसरं कुणी नाही. शिवाय बाई दिवसभर सेवा करून घरी येते आणि स्वयंपाकाला लागते, तर नवरा खुर्चीत बसतो. कामं वेगळी घ्या, वेगळ्या जागी. घरकाम वाटून घ्या: यांनी भांडी आणि पाणी घेतलं, मी स्वयंपाक, कपडे दोघांनी मिळून. दिवसातला एक तास एकमेकांना मोकळा सोडा. हे दुपारी चारला झाडाखाली जाऊन बसायचे आणि मी हाक मारायची नाही.

जेवण तिथलं शिका. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, सुकुमा विकी नावाची पालेभाजी, मका-घेवड्याची गिथेरी, आणि मूग, ज्याला तिथे नदेंगू म्हणतात. चपाती तर आपलीच. लोकांच्या घरी वाढलेलं नाकारू नका, थोडं वाढायला सांगा. धर्मग्रामातल्या दहा-वीस घरांचे छोटे गट असतात, त्यांना जुमुइया म्हणतात, ते आठवड्याला एका घरी जमतात. एका जुमुइयात नेमानं जा. आमची खरी ओळख तिथेच झाली, कार्यालयात नाही.

पैसे मागणारे येतील. हरांबे म्हणजे सर्वांनी मिळून वर्गणी काढायची तिथली रीत. फी, दवाखाना, मयत, सगळ्याला ती असते. आपल्याकडेही मयताला गाव धावतो, तसंच. मन द्रवतं. पण एकाला गुपचूप दिलंत तर दुसऱ्या दिवशी दारात पाच जण असतात, आणि सहाव्याला नाही म्हणताना तुमची सेवाच संपते. महिन्याची एक रक्कम ठरवा, ती धर्मग्रामाच्या समितीमार्फत द्या, आणि हे सगळ्यांना मोकळेपणानं सांगा. हातउसने कुणालाच नाही.

बोडाबोडाला, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलला, या वयात हात करू नका. आपलं हाड मोडलं की दोघांचीही सेवा संपते.

## टप्पा ९: आजारपण

ताप आला की त्याच दिवशी मलेरियाची तपासणी. पॅरासिटामॉल घेऊन उद्यापर्यंत बघू, असं करायचं नाही. तिथला मलेरिया आपल्या गावात होणाऱ्या तापापेक्षा फार झपाट्यानं बळावतो. मच्छरदाणी रोज, थंडीतही.

एक जण आजारी असला तर दुसऱ्यानं कामावर जायचं नाही, आणि यजमानांना हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवायचं. मुलांना खरं सांगा. काळजी करतील म्हणून लपवलंत, तर पुढच्या प्रत्येक फोनवर ती तुमचा आवाज तपासत बसतात.

तपासा, दर तीन महिन्यांनी: दोघांचं वजन, रक्तदाब, साखर. आणि एकमेकांना एकच प्रश्न, खरं उत्तर देण्याच्या बोलीवर: अजून राहायचं का? नको असेल तर परत यायला लाज नाही.

## टप्पा १०: परत

निघण्याच्या दोन महिने आधी तुमचं काम तिथल्या माणसाच्या हाती द्यायला सुरुवात करा. मी हिशेबाच्या वह्या शेवटच्या आठवड्यात दिल्या आणि घेणाऱ्या मुलीची धावपळ झाली. ती चूक मला अजून टोचते.

पिवळ्या तापाचं कार्ड पासपोर्टातच ठेवा. मुंबईला उतरल्यावर तेच आधी मागतात.

मे महिन्यात घरी आलात तर पावसाला तीन-चार आठवडे उरलेले असतात. आल्या आल्या पाहुणे येतील, पण पहिला आठवडा घराचा. आधी मेन स्विच लावण्यापूर्वी वायरमनकडून तारा बघून घ्या, उंदरांनी कुरतडलेल्या असतात. मग विहीर उपसणं, मग आढं आणि वासे, मग शाकारणीवाल्याला निरोप. त्याला मेच्या शेवटी वेळ नसतो, तेव्हा निरोप केनियातूनच धाडलेला बरा. पडवीच्या कोपऱ्यात आणि लाकडांच्या राशीत हात घालण्याआधी काठीनं आपटा, रिकाम्या घरात साप वस्तीला असतो.

बँक, विमा, पेन्शन, मोबाइल, सगळीकडे परतल्याचं कळवा.

आणि परतल्यावर काही महिन्यांत कधीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की आपण आफ्रिकेतून आलो आहोत. जून-जुलैत आपल्याकडे लेप्टो आणि डेंगीचे रुग्ण असतात, डॉक्टर तेच धरून चालतात. तिकडून अंगात आलेला मलेरिया अशा वेळी नजरेतून सुटतो. आम्ही एका कागदावर देशाचं नाव, राहिल्याच्या तारखा, घेतलेल्या लशी आणि चालू औषधं लिहिली आणि तो कागद फ्रीजच्या दारावर चिकटवला. वर्षभर तिथेच होता.